मराठी आडनावं आणि त्यांमागची कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवसायावरून आलेलं आडनाव नेमकं कशाला म्हणायचं?

घराण्यातला कुणीतरी जे काम करत होता, तेच पुढे घराण्याचं नाव झालं, तर ते व्यवसायवाचक आडनाव. मराठीत अशी आडनावं तीन-चार वाटांनी आली. गावचं किंवा परगण्याचं (म्हणजे अनेक गावांच्या गटाचं) वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारं काम आणि त्याचा हक्क, ही एक वाट: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. दरबारातली किंवा गडावरची चाकरी ही दुसरी: चिटणीस, सबनीस, जामदार, हवालदार. हातचं कसब ही तिसरी: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी. देवळातली आणि धर्मकार्यातली सेवा ही चौथी: गुरव, पुजारी, पुराणिक, धर्माधिकारी.

यांत एक फरक पहिल्यापासून ध्यानात ठेवायला हवा. वतनाचं आणि दरबारचं नाव त्या घराण्याने स्वतः मिरवलं, कारण त्यामागे सनद होती, हक्क होता, उत्पन्न होतं. कसबाचं नाव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ठेवलं. आडनावांवरच्या गप्पा नेहमी पहिल्या गटापाशीच रंगतात आणि तिथेच संपतात. ते मला बरोबर वाटत नाही, म्हणून खाली दुसऱ्या गटाबद्दलही सविस्तर लिहिलं आहे.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांत कोण काय करायचं?

गावाचा प्रमुख पाटील. सारा गोळा करणं, पडीक जमीन लागवडीला आणणं, तंटे मिटवणं आणि गावाच्या वतीने सरकारपुढे उभं राहणं ही त्याची कामं. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ असा हुद्दा येतो, त्याचंच पुढे पाटील झालं. गावाचा हिशेब, जमिनीच्या नोंदी आणि वसुलाची बाकी लिहायचं काम कुलकर्ण्याचं. हीच जोडी परगण्याच्या पातळीवर गेली की देशमुख आणि देशपांडे होते. देशमुख परगण्याचा प्रमुख, देशपांडे त्याचा लेखक. पाटलाच्या हाताखाली चौगुला असे. कोल्हापूर-सांगली, बेळगाव आणि गोव्याकडचे चौगुले त्या हुद्द्याचे.

मुलूख बदलला की हुद्द्याचं नावही बदलतं. देशावर जो देशमुख, तो दक्षिण कोकणात आणि बेळगावकडे देसाई. देशावर जो देशपांडे, त्याच्यासारखं काम करणारा कोकण-गोव्याच्या बाजूला नाडकर्णी. कर्नाटकात गावचा हिशेब शानभोगाकडे होता, म्हणून शानभाग. मराठवाडा-विदर्भात पटवारी हा शब्द रुळला, आणि पटवारी आडनावाची घरंही तिकडेच जास्त सापडतात.

गावात पाटील एकच असायचा ना? मग एवढे पाटील आले कुठून?

पहिलं कारण साधं आहे. आजच्या महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत आणि पाटीलकी गावोगाव होती. दुसरं कारण वतनाच्या स्वरूपात आहे. वतन ही वडिलोपार्जित मालमत्ता होती, तिच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या पडत. चार भावांत पाटीलकी वाटली गेली की हक्काचं उत्पन्न आणि मानपान वाटले जात, पण नाव चौघांचंही पाटीलच राही. वतन विकताही येई आणि कर्जापोटी अर्धं लिहूनही देता येई. त्यामुळे एकाच गावात दोन वेगळ्या कुळांचे पाटील दिसतात. काही पिढ्यांनी प्रत्यक्ष कामकाज एका घरात उरलं आणि भावकी शंभर घरांची झाली.

शिवाय पाटील हा शब्द मानाचा. महादजी शिंदे उत्तरेत बादशाहीचा कारभार हाकत होते, तेव्हाही स्वतःला पाटील म्हणवून घेत. लोकही त्यांना पाटीलबावा म्हणत.

कुलकर्ण्यांचा फैलावही असाच झाला, पण कोकणात तो कमी दिसतो. रत्नागिरी आणि कुलाबा भागांत गावच्या वसुलात खोतांचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या वतनदारांचं, वर्चस्व होतं, म्हणून खोत हे आडनाव तिकडे ठळक आहे.

आडनावावरून जात ओळखता येते का?

वतनाच्या आडनावावरून येत नाही. पाटील मराठा आहेत, कुणबी आहेत, आगरी, कोळी, लेवा, जैन, लिंगायत आहेत. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात आगरी पाटलांची गावंच्या गावं आहेत, जळगावकडे लेवा पाटलांची. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते आणि हिरडस मावळात त्यांचं वतन होतं. जोशी म्हटलं की ब्राह्मण असंच अनेकांना वाटतं, पण भविष्य सांगत फिरणारा कुडमुडे जोशी हा भटका समाजही आहे.

खोतीविरुद्ध १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी जो दीर्घ संप केला, त्याचं नेतृत्व नारायण नागू पाटील यांनी केलं. नुसतं आडनाव पाहून हा माणूस जमीनदाराच्या बाजूचा असेल असं कुणालाही वाटलं असतं.

जातीच्या दाखल्यासाठीही आडनाव पुरावा ठरत नाही. तिथे वडिलांकडच्या रक्तसंबंधितांच्या जुन्या नोंदी लागतात.

चिटणीस, फडणीस, पोतनीस… यांतलं ‘नीस’ काय आहे?

फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. दरबारात प्रत्येक खात्याला एक लेखक असे आणि त्याच्या खात्यावरून त्याचं नाव पडे. चिटणीस पत्रव्यवहार पाही. फडणीस जमाखर्चाच्या फर्दी, म्हणजे याद्या, तपासून मंजूर करी. पोत्याचा, म्हणजे खजिन्यातल्या रोकडीचा हिशेब पोतनिसाकडे. धान्य, दारूगोळा आणि कोठारं कारखानिसाकडे. सबनीस गडावरच्या माणसांची हजेरी आणि हिशेब ठेवी. पारसनीस फारसी पत्रं वाची आणि लिही. वाकनीस घडामोडींची टिपणं ठेवी, जमेनीस वसुलाची जमा लिही, पागनीस घोड्यांच्या पागेची नोंद ठेवी. हसबनीस हा हिशेबनीसच.

या कुळात ‘नीस’ नसलेलेही बरेच आहेत. मुजुमदार म्हणजे जमाखर्चाचा वरिष्ठ अधिकारी, डबीर परराज्याशी बोलणी करणारा, जामदार मौल्यवान वस्तू आणि वस्त्रं सांभाळणारा, पोतदार नाणं पारखणारा, दफ्तरदार कागदपत्रांचा धनी, बक्षी फौजेचा पगार वाटणारा, जकाते जकात वसूल करणारा.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी वरच्या हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही त्याच प्रयत्नातला. दरबारची भाषा बदलली, पण घराघरांत चिकटलेली नावं काही हटली नाहीत. आज आपल्याला मुजुमदार आणि डबीर सहज भेटतात. अमात्य, सचिव ही नावं राहिली ती बावड्याचे पंत अमात्य, भोरचे पंतसचिव अशा संस्थानी घराण्यांपुरती.

सगळे फडणीस-फडणवीस नाना फडणवीसांच्या घराण्यातले का?

नाहीत. नानांचं नाव बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००), घराणं मूळ कोकणातल्या वेळासचं. फडणवीस हा त्यांचा हुद्दा. पुणे, नागपूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा प्रत्येक दरबाराचा आपला फडणीस आणि आपला चिटणीस होता. नागपूरचे चिटणवीस नागपूरकर भोसल्यांच्या कारभारातून आले. तेव्हा दोन फडणीस एकमेकांना भेटले तर नातं निघेलच असं नाही. मूळ आडनाव, गोत्र आणि गाव विचारल्याशिवाय काही कळत नाही.

गडांवरच्या माणसांची आडनावं कुठली?

महाराजांच्या काळी गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा वेगवेगळ्या जातींच्या माणसांत तो वाटलेला असे, म्हणजे एक फितूर झाला तरी गड जात नसे. ही तिन्ही आजची आडनावं आहेत. गडाच्या रखवालीसाठी जमिनी मिळालेले ते गडकरी. इंग्रजांनी ही व्यवस्था मोडायला घेतली तेव्हा १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव झाला. याशिवाय राऊत म्हणजे घोडेस्वार, दळवी म्हणजे तुकडीचा नायक, शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा. हत्यारांना धार आणि चकाकी देणारा शिकलगार.

इंग्रजांत स्मिथ एवढे, मग आपल्याकडे लोहार का कमी?

इंग्लंडमध्ये मध्ययुगात आडनावं ठरत होती तेव्हा ज्याची भट्टी पेटलेली, तो स्मिथ. त्याचा मुलगा शेती करू लागला तरी नाव तेच राहिलं. आपल्याकडे लोहारकाम करणाऱ्या घराला आधीच कुळाचं नाव होतं. चव्हाण, पवार, थोरात अशी. लोहार ही गावाने केलेली ओळख होती, घरातली नव्हे. लग्न जुळवताना, देवक पाहताना कुळाचंच नाव लागे.

मग लोहार, सुतार, कुंभार, परीट ही आडनावं कागदावर आली कशी? बरीचशी शाळेच्या पटावर. गुरुजींनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि पुढे जात लिहून टाकली. कोर्टात, रेल्वेच्या आणि गिरणीच्या हजेरीपटावर तेच चाललं. दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडे, जातीचं नावच आडनाव म्हणून लावायची रीत जास्त दिसते. नगर-पुण्याकडे आणि विदर्भात त्याच कामाच्या घरांनी कुळाची नावं टिकवली. म्हणून कोल्हापूरचा सुतार आणि नगरचा भालेराव एकाच कामाचे असू शकतात, आणि आडनावांची मोजदाद करून कुठे किती सुतार होते हे सांगणं फोल ठरतं.

बलुतेदारांच्या नावांची जुनी नोंद मिळते का?

मिळते, आणि ती पाहण्यासारखी असते. गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची पंचायत, बसे आणि तिच्या निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई. त्याच्या शेवटी हजर असलेल्यांच्या साक्षी असत. ज्याला लिहिता येई तो नाव लिही. ज्याला येत नसे त्याच्या नावापुढे त्याच्या कामाच्या हत्याराची निशाणी काढली जाई. पाटलापुढे नांगर, सुतारापुढे वाकस (लाकूड तासायचं हत्यार), न्हाव्यापुढे आरसा, परटापुढे मोगरी (कपडे बडवायचं लाकूड). कागदाच्या तळाशी अशी अवजारं ओळीने उभी राहतात. त्या माणसांची नावं असतात, कामं असतात, पण आडनाव क्वचितच असतं. गावाच्या निवाड्यात त्यांची साक्ष धरली जात होती हे मात्र त्या निशाण्यांवरून पक्कं कळतं.

बलुतेदार बारा आणि अलुतेदार अठरा असं म्हणायची पद्धत आहे, पण यादी गावागणिक बदलते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग ही नावं बहुतेक याद्यांत येतात. सुगी झाली की खळ्यावर धान्याच्या रूपात त्यांना बलुतं मिळे. तेली, तांबोळी, साळी, माळी, शिंपी, जंगम, गोंधळी हे अलुत्यांत मोडत.

संतांची नावं पाहा: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्यांच्या काळी ही आडनावं नव्हती, पण माणूस त्याच्या कामाने ओळखायची रीत किती जुनी आहे हे त्यांवरून दिसतं.

मुसलमान आणि ज्यू घरांत अशी आडनावं आहेत का?

दक्षिण महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत तर ती फारच टिकून आहेत. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदारच. मुजावर दर्ग्याची सेवा करणारा, काझी निवाडा आणि निकाह पाहणारा, अत्तार सुगंधी द्रव्यं विकणारा, तांबोळी पानवाला, बागवान फळंभाजी विकणारा, नदाफ आणि पिंजारी कापूस पिंजणारे, मोमीन विणकर, मणेर बांगड्या विकणारा. मिरज-सांगलीच्या बाजारपेठेत ही आडनावं एका फेरीत ऐकू येतात. त्यांतले इनामदार, जमादार, हवालदार तर थेट दरबारी हुद्द्यांतून आले.

रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांनी मात्र आडनावं गावावरून घेतली: किहीमकर, रोहेकर, पेणकर.

देवळातल्या कामांवरून आलेली आडनावं कोणती?

सगळ्यांत नेटकं उदाहरण पंढरपूरचं. विठ्ठल मंदिराचा कारभार बडव्यांकडे होता आणि त्यांच्याबरोबर सात सेवाधारी घराणी होती: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे. पुजारी देवाला स्नान घालून पोशाख करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक पाणी आणि आरतीचं साहित्य आणणार, हरिदास पदं म्हणणार, डिंगरे देवाला आरसा दाखवणार आणि शेजेच्या वेळी पायघड्या घालणार, डांगे चांदीचा दंड घेऊन उभे राहणार आणि दिवटे दिवटी धरणार. रुक्मिणीची सेवा उत्पातांकडे. देवाच्या दिवसभराच्या उपचारांतला एकेक उपचार एकेका घराण्याचं नाव होऊन बसला, असं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

१९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्यावर बराच काळ न्यायालयात वाद चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. भाविकांच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय योग्यच झाला असं माझं मत आहे. पण ती आडनावं जपून ठेवण्यासारखी आहेत, कारण देवळाचा जुना दिनक्रम त्यांत जसाच्या तसा आहे.

इतरत्र पुराणिक, पाठक, उपाध्ये, कीर्तने, अग्निहोत्री, वैद्य, जोशी ही नावं आपला अर्थ स्वतःच सांगतात. धर्माधिकारी हा प्रायश्चित्ताचे निर्णय देणारा अधिकारी होता.

मुंबईच्या पारशांची इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टर ही आडनावं खरी आहेत का?

अगदी खरी. इंग्रजी अमदानीत सरकारी कागदांना आडनाव लागू लागलं आणि पारशांनी त्या वेळचा धंदाच लावला. म्हणून क्रिकेटपटू फारूख इंजिनीअर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर. मर्चंट, वकील, दारूवाला, बाटलीवाला हीही त्याच मुंबईची देणगी. आपल्याकडची वतनी आडनावं शेतसाऱ्यातून आली, ही बंदरातून आणि व्यापारातून.

फसवी आडनावं कोणती?

तेलंग म्हणजे तेली नव्हे, तो तेलंगणाकडचा. कानडे हेही मुलखावरून. लोखंडे, तांबे, सोनवणे यांचा धातूच्या धंद्याशी संबंध असेलच असं नाही. भंडारी म्हटलं की कोकणात माडी काढणारा समाज आठवतो, पण काही मुलखांत तो कोठाराचा अधिकारीही असतो. महाजन आणि शेटे पेठेचे वतनदार होते, पण सावकारी करणाऱ्यालाही महाजन म्हणत. चौधरीचे तर मुलखागणिक वेगळे अर्थ. ‘कर’ लागलेली आडनावं जवळजवळ सगळी गावावरची.

ही वतनं गेली कधी?

टप्प्याटप्प्याने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. त्याआधी महात्मा फुल्यांनी कुलकर्ण्यांच्या लेखणीने अडाणी शेतकरी कसा नागवला जातो ते कडक शब्दांत मांडलं होतं. मुंबई राज्यात खोती १९४९ च्या कायद्याने गेली, परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या, कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या. मुलकी पाटील हे पद १९६२ च्या कायद्याने संपलं. पोलीस पाटील तेवढा आजही गावात आहे. पण तो वंशाने नव्हे, नेमणुकीने येतो आणि त्याचं आडनाव काहीही असू शकतं.

जातीचं वाटणारं आडनाव बदलावं का?

तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. ज्यांनी त्या नावापायी वर्गात, भाड्याचं घर शोधताना, नोकरीच्या ठिकाणी अपमान सोसला, त्यांना ‘कामाची लाज कसली’ असा उपदेश करू नये. ते नाव त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. अनेकांनी कुळाचं किंवा गावाचं नाव परत घेतलं आहे. रीतसर बदलायचं तर महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि मग बाकीची कागदपत्रं बदलतात. जात पडताळणी बाकी असेल तर आधी जुन्या नोंदींच्या नकला काढून ठेवा.

माझ्या आडनावाचा माग कुठे काढायचा?

घरातल्या जाणत्या माणसापासून सुरुवात करा. कुलदैवत, देवक किंवा गोत्र, मूळ गाव आणि भावकीतली दुसरी आडनावं लिहून घ्या. कुळ एक आणि आडनावं तीन, असं हमखास निघतं. मग तहसील कचेरीत जुने फेरफार, इनाम पत्रक आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहा. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टरही सोडू नका.

जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठावा लागतो. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांना कळलं. पेशवाईच्या काळासाठी पुण्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे पेशवे दफ्तर आहे. पुण्यातच १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. करवीर दरबारासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत तुमच्या पणजोबांनी स्वतः सांगितलेलं नाव, गाव आणि भावकी सापडू शकते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात असाल तर घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे हेळवी गावाला कधी येतात ते विचारून ठेवा. ते आले की त्यांच्या चोपडीतलं आपलं पान वाचून घ्या आणि उतरवून ठेवा.